जुन्या जिप्सीची उंची घरच्या अंगणात वाढवायची असेल तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपल्याकडे दुसऱ्या मालकाकडून घेतलेली २००३ ची मारुतीची जिप्सी किंग (चारही चाकांना जोर देता येणारी गाडी) आहे. पावसाळ्यात मावळ-मुळशीकडच्या कच्च्या वाटांवर तिचे पोट दगडांना लागते. ओळखीचा एक वेल्डर पाटे (लीफ स्प्रिंग, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या थप्पीची स्प्रिंग) ॲक्सलच्या (डावे-उजवे चाक जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) वर घेऊन गाडी चार-पाच इंच उचलून द्यायला तयार आहे, आणि हे काम अंगणात स्वतःच्या हाताने करता येईल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझे मत असे की दीड-दोन इंचांचे काम नीट तयारी केली तर घरी करता येते. चार-पाच इंचांचे काम घरी करू नये. मात्र या दोन्हींच्या आधी एक गोष्ट तपासायला हवी. वीस वर्षे चाललेल्या जिप्सीची मूळ उंचीच बहुधा शिल्लक राहिलेली नसते, त्यामुळे नवी उंची मागण्यापूर्वी गेलेली उंची परत मिळवावी.

जिप्सीला चारही चाकांवर पाटे आहेत, पुढे आणि मागे अखंड ॲक्सल आहे, आणि पाटे ॲक्सलच्या खालून जातात. पाटे बदलून किंवा शॅकल (पाट्याचे एक टोक चासीला जोडणारी झुलती कडी) लांब करून आपण चासी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि बॉडी वर उचलतो. ॲक्सल आहे तिथेच राहतो. ॲक्सलवरचा डिफरन्शियलचा (दोन चाकांना जोर वाटून देणाऱ्या गिअरांचा) गोळा जमिनीपासून किती उंच असेल हे केवळ टायरच्या व्यासावर ठरते, आणि व्यास जितका वाढतो त्याच्या निम्मीच उंची गोळ्याखाली मिळते. बहुतेक जिप्सी किंगना असणारा २०५/७० आर १५ टायर सुमारे ६६८ मि.मी. व्यासाचा असतो. २१५/७५ आर १५ घेतला तर व्यास सुमारे ७०३ मि.मी. होतो आणि गोळ्याखाली जेमतेम १८ मि.मी. जागा वाढते; २३५/७५ आर १५ घेतला तर सुमारे ३३ मि.मी. वाढते. म्हणून आपल्या गाडीचे नेमके काय लागते हे आधी खाली झोपून पाहावे. ट्रान्सफर केस (इंजिनाचा जोर पुढच्या व मागच्या ॲक्सलकडे वाटणारी पेटी), तिच्या खालची पट्टी, सायलेन्सरचा पाइप किंवा पेट्रोलच्या टाकीखालचा पत्रा यांवर ताजे ओरखडे असतील तर सस्पेन्शन उचलल्याने उपयोग होईल. ट्रॅक्टरच्या चाकोरीमधल्या उंचवट्याला गोळाच घासत असेल तर पाटे कितीही उचलले तरी तो तसाच घासत राहील. काळ्या मातीच्या चिखलात तर उंचीपेक्षा टायरची नक्षी आणि हवेचा दाब यांनाच अधिक महत्त्व असते, हेही लक्षात ठेवावे.

मोजमापाला अर्धा दिवस द्यावा. गाडी सपाट फरशीवर उभी करावी, चारही टायरांत सारखी हवा भरावी, मागचे सामान काढावे, आणि प्रत्येक चाकाच्या मध्यबिंदूपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचे उभे अंतर मोजून वहीत लिहावे. जमिनीपासून माप घेतले तर टायरची झीज त्यात मिसळते, म्हणून चाकाच्या मध्यापासूनच घ्यावे. डाव्या-उजव्या बाजूंत अर्ध्या इंचाहून अधिक फरक निघाला तर एका बाजूचे पाटे बसले आहेत किंवा एखादा पाटा तुटला आहे असे समजावे. तुटलेला पाटा वरून सहज दिसत नाही. मधल्या यू-बोल्टच्या (पाटा ॲक्सलला आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) कडेला, जिथे चिखल साचून राहतो, तिथे तारेच्या ब्रशने घासल्यावर गंजाची तांबूस रेघ आडवी गेलेली दिसते, आणि तीच तुटीची जागा असते. त्याच वेळी शॅकलचे बुश (बोल्टभोवतीची रबरी नळकांडी) पाहावेत. पहार लावून पाटा किंचित हलवल्यावर शॅकलचा बोल्ट बुशाच्या एका बाजूला सरकत असेल तर बुश संपलेले आहेत. चासीवर ज्या कोंड्यांत पाटे अडकवलेले असतात त्या कोंड्या आणि त्यांच्या मागचा चासीचा भाग छोट्या हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. कोकणात किंवा किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीत हा भाग आतून गंजलेला असतो, आणि तिथे भदभद आवाज आला तर उंचीचा विचार बाजूला ठेवून आधी चासीचे काम करावे.

कायद्याचा विषय मी टाळू इच्छित नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याच्या मूळ विनिर्देशापेक्षा वेगळे ठरतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब ठामपणे सांगितली. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए प्रमाणे नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. आपली गाडी पंधरा वर्षांपुढची असल्याने तिला दर पाच वर्षांनी नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तपासणीला न्यावेच लागते. मूळ विनिर्देशाचे नवे पाटे घालून गाडी मूळ उंचीवर आणणे ही दुरुस्ती आहे. त्यापुढचे प्रत्येक पाऊल बदल ठरू शकते. तेव्हा खर्च करण्यापूर्वी आरटीओ कार्यालयात लेखी विचारणा करावी, विमा कंपनीला कळवावे, आणि काढलेले मूळ भाग विकून न टाकता तेल लावून जपून ठेवावेत.

आता उंची मिळवण्याच्या मार्गांकडे येतो. सर्वांत चांगला मार्ग म्हणजे पाट्यांचा नवा संच. मूळ विनिर्देशाचा संच घातला तरी बसलेल्या गाडीला बहुधा इंच-दीड इंच परत मिळतो, आणि पुष्कळ मालकांचे समाधान इथेच होते. याहून अधिक हवे असेल तर जास्त बाक असलेले, सुमारे दोन इंच उंची देणारे तयार संच मिळतात. जुनेच पाटे पाटेवाल्याकडून ठोकून घ्यायचे असतील तर तो ते तापवून, तेलात विझवून, पुन्हा योग्य तापमानाला आणून देतो का, हे विचारून घ्यावे. थंड अवस्थेत घणाने बाक दिलेला पाटा काही महिन्यांत पुन्हा सपाट होतो. जादा पाटा घालणे स्वस्त पडते, पण जिप्सी ही सुमारे एक टन वजनाची गाडी आहे. तिचे मूळ पाटेच कडक असतात, आणि त्यात आणखी एक भरला तर रिकाम्या गाडीचे चाक खड्ड्यात उतरायलाच तयार होत नाही. आडव्या-तिडव्या दगडांवर एक चाक हवेत लटकले की पकड गेली, म्हणजे ज्या कामासाठी उंची वाढवली तेच काम बिघडले.

शॅकल लांब करणे हा उपाय सर्वांत सोपा वाटतो, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर सांगतो. शॅकल पाट्याच्या एकाच टोकाला असल्यामुळे तो दोन इंच लांब केला तर गाडी एकच इंच उचलली जाते. तेवढ्यापुरते ठीक आहे. त्याहून लांब शॅकल घेतला तर वळणावर तो बाजूला झुकतो आणि मागचा भाग डोलतो. दोन पट्ट्या आडव्या दांड्याने जोडलेला शॅकलच घ्यावा, सुट्या पट्ट्यांचा घेऊ नये. ॲक्सल आणि पाटे यांच्यामध्ये लोखंडी ठोकळा घालण्याची पद्धत पिकअपसारख्या गाड्यांत दिसते, कारण तिथे पाटे ॲक्सलच्या वर असतात. जिप्सीत पाटे खाली असल्यामुळे तोच ठोकळा घातला तर गाडी उलट खाली येईल.

प्रत्यक्ष काम सुरू करताना सर्वांत अधिक काळजी गाडीच्या टेकूची घ्यावी. जॅक हा उचलण्यासाठी असतो, धरून ठेवण्यासाठी नव्हे. गाडी चासीखाली दोन्ही बाजूंना मजबूत लोखंडी घोड्या लावूनच उभी करावी; विटा, सिमेंटचे ब्लॉक किंवा जांभ्याचे चिरे टेकूला वापरू नयेत, कारण ते चिरडताना आधी इशारा देत नाहीत. अंगण मातीचे असेल तर घोडीखाली जाड फळी किंवा लोखंडी प्लेट घालावी. एका वेळी एकच ॲक्सल हाती घ्यावा आणि जमिनीवर असलेल्या चाकांना पुढून-मागून लाकडी अडण्या लावाव्यात. गाडी गिअरमध्ये ठेवली आहे म्हणून निश्चिंत राहू नये: प्रोपेलर शाफ्ट (ॲक्सलपर्यंत जोर नेणारा फिरता दांडा) उतरवला की गिअरचा आणि चाकांचा संबंध तुटतो आणि गाडी मोकळी होते. जवळ कोणीतरी दुसरे माणूस असल्याशिवाय गाडीखाली शिरू नये.

नट-बोल्टांवर आदल्या दोन-तीन दिवसांपासून गंज सोडवणारे तेल मारत राहावे. ट्रॉली जॅकने ॲक्सलला हलका आधार द्यावा, शॉकॲब्सॉर्बर खालून सोडवावा, मग यू-बोल्ट, आणि शेवटी शॅकलचे व कोंडीचे बोल्ट काढावेत. ॲक्सल ब्रेकच्या होजवर (लवचीक रबरी नळीवर) लटकू देऊ नये. अडलेल्या बोल्टला गॅसची ज्योत लावण्याचा मोह मागच्या बाजूला तर मुळीच करू नये, कारण पेट्रोलची टाकी आणि ब्रेकची नळी तिथून दूर नसतात. ग्राइंडरने बोल्टचे डोके कापतानाही ठिणग्या कुठे जातात ते पाहून, ओले पोते आडवे धरून कापावे. यू-बोल्ट पुन्हा वापरू नयेत. ते एकदा ताणले गेलेले असतात आणि दुसऱ्यांदा आवळले की धरून राहत नाहीत. नवा संच नटांसह घ्यावा.

पाटा बसवताना सेंटर बोल्टचे (पाट्यांची थप्पी मधोमध धरणाऱ्या बोल्टचे) डोके ॲक्सलवरच्या बैठकीच्या भोकात पूर्ण बसले आहे याची बोटाने चाचपून खात्री करावी. ते कडेवर अडकलेले असताना यू-बोल्ट आवळले तर वरून सारे ठीक दिसते, पण ॲक्सल काही मिलिमीटर तिरका बसतो, गाडी रस्त्यावर एका बाजूला ओढते आणि सेंटर बोल्ट काही दिवसांत तुटतो. यू-बोल्टचे चारही नट आलटून-पालटून, थोडे थोडे करत, कार्यशाळा पुस्तिकेत दिलेल्या मापाने टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळावेत. शॅकलचे आणि कोंडीचे बोल्ट मात्र तेव्हा केवळ हाताने घट्ट करावेत. गाडी चाकांवर उतरवून, दोन-चार वेळा दाबून-सोडून पाटे आपल्या जागी आल्यावरच ते शेवटचे आवळावेत. गाडी घोडीवर असताना रबरी बुश आवळले तर ते कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात.

उंची वाढली की बाकीच्या चार गोष्टी बिघडतात, आणि घरी काम करणारे बहुतेक जण इथेच घाई करतात.

पहिली गोष्ट पुढच्या चाकांचा कॅस्टर, म्हणजे किंगपिनच्या झुकावाचा कोन. किंगपिनचा (पुढचे चाक ज्याभोवती वळते त्या खुंटीचा) माथा किंचित मागे झुकलेला असतो म्हणून वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ येते. पुढच्या पाट्याचे शॅकलकडचे टोक पुढे असेल आणि ते लांब शॅकलने खाली ढकलले गेले, तर ॲक्सल पुढे कलतो आणि हा कोन कमी होतो. मग गाडी सरळ रस्त्यावर भटकते आणि पन्नास-साठच्या वेगाला स्टिअरिंग थरथरू लागते. उपाय म्हणून ॲक्सलची बैठक आणि पाटा यांच्यामध्ये पोलादी पाचर घालतात. जिप्सीत पाटा खाली असल्यामुळे पाचरेची जाड बाजू पुढे यायला हवी. ॲल्युमिनियमची पाचर घेऊ नये, ती चिरते. मात्र कॅस्टर जितका परत आणाल तितके पुढच्या डिफरन्शियलचे तोंड खाली जाते आणि पुढच्या शाफ्टचा कोन वाढतो. हे दोन्ही एकाच अखंड हाउसिंगवर असल्यामुळे एक सुधारताना दुसरे थोडे सोडावेच लागते, आणि दोन इंचांपर्यंत ही तडजोड निभावते. थरथर होत असेल तर केवळ कॅस्टरला दोष देऊ नये. चाक उचलून वर आणि खाली धरून हलवून पाहावे. खेळ जाणवला तर किंगपिनच्या बेअरिंगा आणि त्यांच्या शिमा (पातळ चकत्या) आधी नीट कराव्यात, नाहीतर उंची वाढवल्यावर तो दोष अधिकच उघडा पडतो.

दुसरी गोष्ट प्रोपेलर शाफ्ट. जिप्सीत ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून वेगळी बसवलेली आहे आणि तिथून पुढे व मागे असे शाफ्ट निघतात. ॲक्सल चासीपासून दूर गेला की शाफ्टचा सरकता सांधा बाहेर येतो. काम करण्यापूर्वीच सांध्याच्या कडेला खडूने खूण करावी, आणि काम झाल्यावर ॲक्सल पूर्ण लटकवून खूण किती सरकली ते मोजावे. दातांची पकड फार थोडी उरत असेल तर शाफ्टच्या फ्लँजवर (जोडणीच्या तबकडीवर) योग्य जाडीचा स्पेसर घालावा किंवा शाफ्ट लांब करून संतुलित करून घ्यावा. दोन्ही टोकांना क्रॉस (कोनात फिरणारा सांधा) असलेल्या शाफ्टमध्ये दोन्ही फ्लँज एकमेकांना समांतर असतील तरच फिरण्यातला चढ-उतार परस्पर रद्द होतो. कोन मोजायला मोबाइलमधले साधन पुरेसे आहे. ठरावीक वेगालाच येणारी आणि ॲक्सिलरेटर सोडला की बदलणारी घरघर ही बहुधा याच कोनाची असते.

तिसरी गोष्ट ब्रेक. ॲक्सल पूर्ण लटकलेला असताना स्टिअरिंग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे पूर्ण वळवावे आणि तिन्ही-चारही होजांना हाताने हलवून पाहावे. होज सैल राहायला हवी. ताठ झाली तर लांब होज घालावी किंवा तिचा चासीवरचा कंस खाली आणावा. धातूची नळी वाकवून वेळ मारून नेऊ नये. ज्या गाडीत मागच्या ॲक्सलला जोडलेला, वजनाप्रमाणे ब्रेकचा दाब बदलणारा व्हॉल्व्ह आहे, तिथे उंची वाढली की त्या व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि मागचे ब्रेक कमी लागतात, म्हणून त्याची दांडी त्याच प्रमाणात जुळवून घ्यावी.

चौथी गोष्ट शॉकॲब्सॉर्बर. ते नवे घेताना एकूण लांबी पाहून भागत नाही. चाक पूर्ण लटकल्यावर शॉक ओढला जाऊ नये आणि बंप स्टॉप (चाकाची वरची हालचाल थांबवणारा रबरी ठोकळा) टेकल्यावर तो आतून आपटू नये, या दोन्ही मापांत बसणाराच घ्यावा आणि गरज असेल तितका बंप स्टॉप खाली आणावा. शॉक हाच ॲक्सलला धरणारा शेवटचा दोर झाला तर त्याचा कान तुटायला वेळ लागत नाही.

स्टिअरिंगच्या पिटमन आर्मपासून (स्टिअरिंगच्या पेटीच्या हातापासून) नकलकडे (चाक वळवणाऱ्या भागाकडे) जाणारी ड्रॅग लिंक ही दांडीही उंचीबरोबर तिरकी होते. ती जितकी तिरकी, तितके खड्ड्यातून चाक वर-खाली होताना स्टिअरिंग आपोआप फिरते. दोन इंचांवर हे सहन होण्यासारखे असते. पाच इंचांवर ती लिंक वाकवून किंवा तिची जागा बदलूनच गाडी चालवण्यायोग्य राहते. तिला घरी तापवून वाकवणे किंवा वेल्डिंगने जोडणे हे मी कोणालाही करू देणार नाही.

याच कारणामुळे आपल्या वेल्डरच्या प्रस्तावाला माझा विरोध आहे. पाटे ॲक्सलच्या वर घेतले की ॲक्सलची नळी, पाट्यांची थप्पी आणि बैठक मिळून गाडी साधारण पाच इंच उचलली जाते, आणि पाटे सपाट राहत असल्यामुळे चाकांची हालचालही उत्तम मिळते. पद्धत म्हणून ती खोटी नाही. पण त्यासाठी नव्या बैठकी अचूक कोनात ॲक्सलवर वेल्ड कराव्या लागतात; एकसलग गरम वेल्ड मारला तर नळी वाकते, आतले सील जळतात, आणि वेल्ड सुटला तर धावत्या गाडीखालून ॲक्सल फिरतो. पाटे वर गेल्यावर जोर लावताना ते इंग्रजी एस अक्षरासारखे पिळवटतात, म्हणून वेगळा आधारदांडा हवा. शाफ्ट, होज, स्टिअरिंग, शॉक सारेच नव्याने जुळवावे लागते. शिवाय जिप्सीच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर सुमारे १३०० मि.मी. एवढेच आहे. अशा अरुंद गाडीचा गुरुत्वमध्य पाच इंच वर नेला तर घाटातल्या एखाद्या उलट्या उताराच्या वळणावर किंवा अचानक गुरे आडवी आली म्हणून घेतलेल्या झटक्यात ती उलटायला फार थोडे निमित्त पुरते. घरच्यांना बसवून रोज चालवायच्या गाडीवर हे काम करू नये.

टायरविषयी एवढेच की दोन इंच उंचीबरोबर २१५/७५ बिनत्रास बसतो. २३५/७५ घ्यायचा असेल तर स्टिअरिंग पूर्ण वळवून आणि एक चाक उंच दगडावर चढवून मडगार्डला घासतो का ते पाहावे. त्या टायरवर काटा ८० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात ८८ च्या आसपास धावत असते, आणि मोठ्या टायरमुळे ब्रेकवर व चढावर इंजिनावर पडणारा भारही वाढतो.

काम पूर्ण झाल्यावर टो-इन (पुढच्या चाकांचा आतल्या बाजूचा किंचित कल) नव्याने लावून घ्यावा, स्टिअरिंगचे चाक सरळ आणावे आणि हेडलाइट खाली करावेत, नाहीतर समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर प्रकाश जातो. पहिली फेरी रिकाम्या रस्त्यावर, चाळीसच्या आत घ्यावी आणि ब्रेक दोन-तीनदा हळू, मग जोराने दाबून गाडी सरळ थांबते का ते पाहावे. शंभर किलोमीटरनंतर आणि पुन्हा पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत. नवे पाटे थोडे बसतात आणि त्यांच्या थप्पीतला रंग चेपला जातो, म्हणून नट सैल झालेले आढळतात. पाचशेच्या तपासणीच्या वेळी चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतची चारही मापे पुन्हा घेऊन पहिल्या मापांशेजारी लिहून ठेवावीत. एखादा कोपरा इतरांहून अधिक खाली आला असेल तर पाटे पुरवणाऱ्याकडे तो संच तेव्हाच परत करावा, कारण पुढे चिखलात आणि ओझ्याखाली चालवल्यानंतर तो कोणी परत घेत नाही.